तान्ह्या पोळ्याचा नंदी आणि त्याचं एकच चाक

मुलगा ४ वर्षं २ महिन्यांचा. ऑटिझमचं निदान तिसऱ्या वर्षी झालेलं. घर नागपूरच्या मानेवाडा भागात, तळमजल्यावर. घरात आई, बाबा, आजी आणि नऊ वर्षांची ताई. बाबा हिंगणा एमआयडीसीत शिफ्टमध्ये. मुलगा पंधरा-वीस सुटे शब्द बोलतो, जाहिरातींतली वाक्यं जशीच्या तशी म्हणतो, काही हवं असलं की मोठ्यांचा हात धरून तिकडे नेतो. (ओळख पटू नये म्हणून हे प्रकरण दोन-तीन घरांतले तपशील एकत्र करून मांडलं आहे.)

तक्रार एकच होती. आजीने तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल ओढत घरोघरी जातात त्या सणासाठी, लाकडी नंदी आणला होता. वीतभर उंच, फळीवर उभा, खाली चार चाकं, पुढे दोरी ओवायला भोक. मुलगा तो ओढत नाही. तो नंदी आडवा पाडतो, फळी छातीशी धरतो, पुढचं डावं चाक तर्जनीने फिरवतो आणि कान जमिनीला टेकवून तिरप्या नजरेने पाहत राहतो. चाक थांबायच्या आत पुन्हा बोट. बाकीच्या चाकांना हात लावत नाही. त्यातलं एक घट्ट आहे, दोन डगमगतात. पुढचं डावं तेवढं न अडखळता फिरतं आणि किर्र असा बारीक आवाज करतं. म्हणजे तो चारही चाकं तपासून बसला आहे. "याला काही कळत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी एवढं पाहावं.

पुनरावृत्तीचा खेळ ऑटिझमच्या वर्णनात पहिल्यापासून आहे. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर जो निबंध लिहिला, त्यातही वस्तू गरागरा फिरवण्यात रमणारी मुलं आहेत. २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानपुस्तिकेत अशा वागण्याचे चार गट आहेत: एकाच प्रकारच्या हालचाली, खेळ वा बोलणं, ठरल्या क्रमाचा आग्रह, एखाद्याच विषयाची तीव्र ओढ, आणि आवाज-स्पर्श-प्रकाश यांना कमी किंवा जास्त प्रतिसाद. निदानासाठी चारपैकी किमान दोन लागतात आणि त्याच्या जोडीला सामाजिक संवादातली अडचणही लागते. नुसतं चाक फिरवतो म्हणून ऑटिझम होत नाही. दोन-तीन वर्षांचं कुठलंही पोर झाकण फिरवतं, डबे ओळीत मांडतं, तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावतं. फरक दिसतो तो खेळ किती वेळ चालतो, त्यात दुसऱ्याला शिरता येतं का आणि तो मोडला तर काय होतं, यात.

आधी घरात काय चाललं होतं

तिघा मोठ्यांचे चार मार्ग होते. बाबा घरी आले की नंदी उचलून कपाटावर ठेवायचे. मुलगा रडायचा, मग जमिनीवर डोकं आपटायचा. दहा-बारा मिनिटांनी आजीला राहवायचं नाही. "किती रडून राहिलं लेकरू, द्या ना त्याला," म्हणत ती नंदी खाली काढून द्यायची. आई हातावर हात धरून शिकवायची: "असं नाही बाळा, असा चालव." मुलगा हात झटकून पाठ फिरवायचा. संध्याकाळी फारच वेळ झाला की आजी बिस्किट दाखवून त्याला उठवायची.

यातल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता, पण एकत्र हिशेब केला तर मुलाला शिकवण पक्की मिळत होती: नंदी गेला तर बारा मिनिटं रडायचं, मग तो मिळतो. पुढच्या खेपेला बाबांनी आजीला अडवलं, तेव्हा तो पंचवीस मिनिटं रडला आणि शेवटी आईने दिला. आता शिकवण पंचवीस मिनिटांची झाली. कधी मिळतं, कधी मिळत नाही, असं असलं की वागणं सर्वांत चिवट होतं. हे माणसांत, जनावरांत, सगळीकडे सारखंच. बिस्किटाचंही तेच. महिन्याभरात मुलगा चाक फिरवता फिरवता मध्येच आजीकडे बघायला लागला.

शेजारच्यांचा सल्ला होता की घरातल्या गोल फिरणाऱ्या सगळ्या वस्तू काढून टाका. तो दोन दिवस पाळला गेला. मुलाने स्टीलच्या डब्यांची झाकणं फिरवली, मग पोळपाट, आणि ते लपवल्यावर स्वतःच गोल फिरायला लागला. वस्तू नेल्याने गरज जात नाही, ती दुसरी वस्तू शोधते.

एक मात्र घरात बरोबर चाललं होतं आणि त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ताई अधूनमधून त्याच्या शेजारी पालथी पडून गुपचूप ते चाक बघायची. तिला तो ढकलत नसे.

आठवड्याची वही

उपाय ठरवण्याआधी आईने सात दिवस नोंद ठेवली. शाळेची साधी वही, सहा रकाने: वेळ, त्याआधी काय झालं, किती मिनिटं, चेहरा-आवाज कसा, घरच्यांनी काय केलं, मग काय झालं. दिवसभर वही घेऊन फिरणं कोणालाच जमत नाही. म्हणून तीनच वेळा धरल्या: बालवाडीतून आल्यावर, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी आणि घरात पाहुणे किंवा आवाज असेल तेव्हा. मिनिटं मोबाइलच्या घड्याळावर, अंदाजाने नाही. थकलेल्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे अर्धा तास वाटतो.

वहीतून निघालं ते असं. बालवाडीतून आल्यावर तो १५ ते २० मिनिटं फिरवायचा, अंग सैल, तोंडाने हलकी गुणगुण, आणि आपला आपण उठून पाणी मागायचा. हा विसावा होता. संध्याकाळी सातच्या सुमारास आई पोळ्यांवर, ताई अभ्यासाला, टीव्हीसमोर आजी, अशा वेळी ४० ते ५० मिनिटं चालायचं. चेहरा निर्विकार, मध्येच चाक सोडून इकडेतिकडे पाहणं. इथे त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. तिसरा प्रकार वेगळाच: मिक्सर लागला, पाहुणे मोठ्याने बोलले, भांडी आदळली, की चाकाचा वेग वाढायचा, एक हात कानावर, गुणगुण मोठी व्हायची. ती गोंगाटासमोर धरलेली ढाल होती.

बाहेरून एकच दिसणारी ही गोष्ट तीन कामं करत होती आणि तिन्हींना एकच उत्तर चालणार नव्हतं. विसाव्याला हात लावायचा नाही. गोंगाटाच्या वेळी आवाजाचं बघायचं, चाकाचं नाही. शिकवायला जागा होती ती फक्त संध्याकाळच्या रिकाम्या वेळात.

नोंदीच्या आठवड्यात आणखी एक तपासणी उरकून घ्यावी. फिरवताना हाक मारली तर मूल बघत नाही, हे नेहमीचं. पण चाकावर आपला तळहात ठेवला की ते हात ढकलतं, चिडतं, काहीतरी करतं. तेही झालं नाही, नजर काही सेकंद गोठली, पापण्या फडफडल्या किंवा हातातली वस्तू गळून पडली, तर मोबाइलवर चित्रण करून बालमेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. ती फीट असू शकते. या मुलाने तळहात लगेच ढकलला. तसंच खेळ एकाएकी दुप्पट झाला तर कानदुखी, दात, बद्धकोष्ठ आणि झोप हे आधी बघावं. आणि फिरवणं बंद व्हावं म्हणून औषध मागू नये. रिस्पेरिडोनसारखी औषधं तीव्र चिडचिड किंवा स्वतःला इजा करणं यासाठी डॉक्टर देतात, खेळ बदलण्यासाठी नाही.

खेळात शिरणं

तसाच दुसरा नंदी मिळवला. शेजारच्या घरी माळ्यावर पडलेला होता. उंची थोडी कमी, पण चाक छान फिरणारं. जागा ठरली: पुढच्या खोलीचा कोपरा, चटई, टीव्ही बंद. वेळ: संध्याकाळी सहाला दहा मिनिटं आणि सातला दहा मिनिटं. दुपारचा विसावा तसाच ठेवला.

पहिले पाच दिवस मोठ्यांनी फक्त नक्कल करायची. समोर, दोन-अडीच फुटांवर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीत म्हणजे पालथं पडून. त्याने फिरवलं की आपल्या नंदीचं चाक आपण फिरवायचं, तो थांबला की थांबायचं. त्याच्या नंदीला हात लावायचा नाही. प्रश्न नाही, सूचना नाही, शाबासकी नाही. बोलायचं तर एकच शब्द: "फिर-फिर-फिर."

आईचा प्रश्न रास्त होता: आपणच फिरवायला लागलो तर सवय वाढणार नाही का? वाढत नाही. मानसशास्त्रज्ञ जेराल्डिन डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास हेच तपासलं होतं. मोठ्यांनी मुलाची नक्कल केली तर ऑटिस्टिक मुलं त्या माणसाकडे जास्त पाहतात, असं त्यात दिसलं. पालकांना शिकवायच्या नंतरच्या अनेक पद्धतींत ही नक्कल आहे. नक्कल केल्याने मुलाला कळतं की हा माणूस खेळ हिसकवायला आलेला नाही.

तिसऱ्या दिवशी तो आईच्या चाकाकडे बघू लागला. चौथ्या दिवशी स्वतःचं चाक अचानक थांबवून आईकडे पाहिलं. आई थांबली. पुन्हा फिरवलं, आईने फिरवलं. तीन वेळा असं झालं आणि तिसऱ्यांदा तो हसला. वाट पाहायची ती या खुणेची: मूल आपल्याला तपासून बघतं. ती दिसेपर्यंत पुढे जायचं नाही, मग पाच दिवसांचे पंधरा लागोत.

खूण दिसली की तीन-चार वेळा नक्कल आणि मग एक बदल, असं प्रमाण. पहिला बदल: आपल्या चाकावर बोट ठेवून "थांब…" म्हणायचं, मनात तीन मोजायचे, मग "फिर!" दुसरा: चाकाच्या कडेला लाल टिकली चिकटवायची, म्हणजे फिरताना रेघ दिसते. ती आपल्या नंदीला, त्याच्या नाही. त्याने आपण होऊन नंदी पुढे केला तरच त्याला. तिसरा: "एक… दोन…" आणि थांबायचं, "तीन" त्याने म्हणायचं. तो "फिर" म्हणाला, तेही चालेल.

नंदी सरळ उभा करायला दोन आठवडे गेले आणि ते ढकलून नाही, उतारावर जमलं. स्वयंपाकघरातला पाट घेतला, एका टोकाखाली दोन जाड पुस्तकं. उंची साधारण ८ सेंटिमीटर. नंदी वर ठेवून सोडला की खाली येतो आणि चारही चाकं फिरतात. युक्ती एवढीच की त्याला जे आवडतं ते, म्हणजे फिरणं, नव्या खेळातही शाबूत राहिलं. "चाक सोड आणि नंदी ओढ" यात आवडीची गोष्ट जाते, म्हणून मूल अडतं. तो पाटाच्या कडेला डोळा लावून चाकं बघायचा; मग नंदी उचलून पुन्हा वर ठेवायला लागला. खाली ताई बसली. नंदी ताईकडे गेला की तो परत मिळवायला तिच्याकडे बघावं लागायचं, हात पुढे करावा लागायचा. "दे" तिथून आला.

उतार जास्त केला की नंदी तोंडावर आपटतो. एकदा पुस्तकं चार केली, नंदी उलटला आणि डाव्या चाकाचा खिळा निघाला. तेच चाक. संध्याकाळ त्यात गेली. तेव्हापासून रोज खेळाआधी चारही खिळे बोटाने दाबून पाहायचे. निघालेला खिळा आणि सुटं चाक हे लहान मुलाच्या तोंडात जाण्याजोगे असतात. शक्य असेल तर त्याच मापाचं जास्तीचं चाक सुताराकडून करून ठेवावं. आणि मूल वस्तू चाटत असेल तर जुना, पोपडे निघणारा रंग असलेलं खेळणं देऊ नये.

पाठीवर चिमूटभर कुटार (कडब्याचा भुसा) ठेवणं, नंदीला "खा" म्हणून कणकेची गोळी देणं, हे आठव्या आठवड्यानंतर. त्यात ताईचा उत्साह जास्त आणि त्याचा कमी होता. खोटं-खोटं खेळणं हे चाक-उताराच्या बरंच पुढचं आहे. ते लवकर आणायची घाई करू नये.

बाबांनी मात्र घाई केली. शिफ्टवरून आल्यावर मिळणारी दहा मिनिटं, त्यात "चाकं किती? रंग कोणता? बैल कसा ओरडतो?" चौथ्या दिवशी मुलगा त्यांना चटईवरून ढकलायला लागला. दोष त्यांच्या ओढीचा नव्हता. खेळाची परीक्षा झाली होती. पाच दिवस पुन्हा गप्प राहून नक्कल, असा उपाय झाला.

थांबवायचं कसं

नंदीसाठी संत्र्याचा रिकामा खोका आणला, तो गोठा. फिरवणं संपवताना "पाच मिनिटं" म्हणण्याला या वयात अर्थ नाही. "अजून पाच फेऱ्या" म्हणायचं आणि बोटं दुमडत मोजायचं. पाच, चार, तीन, दोन, एक, नंदी गोठ्यात. भिंतीवर दोन फोटो: पहिल्यात गोठा, दुसऱ्यात जेवणाचं ताट. आधी हे, मग ते. पुढची गोष्ट आवडीची किंवा निदान नावडती नसावी. गोठ्यानंतर दर वेळी नखं कापणं आलं, तर गोठा आठवड्यात बदनाम होतो.

मग घराचा नियम, जो सगळ्यांना, विशेषतः आजीला, पटवायला सर्वांत वेळ लागला: रडण्यामुळे नंदी मिळणार नाही आणि हिसकून घेतलाही जाणार नाही. फोटोवर बोट ठेवलं किंवा "दे" म्हटलं, तर लगेच मिळेल. आजीचं बिस्किट बंद केलं नाही, कारण ते बंद करायला लावलं असतं तर सगळी योजनाच मोडली असती. त्याला वेळ दिली: साडेपाचला, चहासोबत, नंदी हातात असो वा नसो.

असा नियम लागला की सुरुवातीला रडणं वाढतं. जे आधी चालायचं ते जास्त जोराने करून बघणं स्वाभाविक आहे. इथे तीन संध्याकाळी वाढलं. याच टप्प्यावर घरं माघार घेतात, आणि तसं झालं तर आधीपेक्षा वाईट. म्हणून घरात लग्न, प्रवास किंवा आजारपण असताना हे सुरू करू नये. डोकं आपटत असेल तर खाली उशी सरकवायची, जवळ बसायचं, बोलायचं नाही.

मिक्सर लावण्याआधी त्याला मिक्सरचा फोटो दाखवून आतल्या खोलीत न्यायचं, कानावर आवाज रोखणारे हेडफोन. चाक चालू दे.

कूलरचा अपवाद

मार्चपासून जूनपर्यंत नागपुरात प्रत्येक घरात एक भलं मोठं फिरणारं चाक असतं, आणि त्याच्याशी वाटाघाट नाही. हा मुलगा उन्हाळ्यात जाळीतून काडी घालायचा. ओला पत्रा, ओली फरशी आणि वीज एकत्र असतात. कूलरचा शॉक बसून माणसं दगावतात. तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग, मीटरजवळ ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), पाणी भरताना प्लग काढलेला, आणि मुलाचा हात पोचणार नाही असा आडोसा. खिडकीबाहेर बसवलेला कूलर उत्तम. इथे सरळ उचलून बाजूला न्यायचं, दर वेळी, सगळ्यांनी, चेहरा साधा ठेवून. आणि हातात भिंगरी द्यायची.

इजा, झोप-जेवण बुडणं, दुसऱ्याची वस्तू मोडणं, यांखेरीज फिरवणं मध्येच तोडायचं कारण सहसा नसतं. लोक बघतात, हे कारण आई-बाबांना सर्वांत जास्त बोचतं. ते मुलाच्या बाजूने मोजलं तर फार हलकं ठरतं.

जूनअखेर काय बिघडलं

विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर उघडतात. त्या आठवड्यात बालवाडीत खोली बदलली, बाई बदलल्या. घरी फिरवणं दुपारच्या वीस मिनिटांवरून तासावर गेलं, उतार नको, ताई नको. घरच्यांना वाटलं, सगळं मातीत गेलं. वही पुन्हा काढली तेव्हा दिसलं की वाढ फक्त दुपारची आहे. म्हणजे विसाव्याची गरज वाढली होती. उत्तर: बदल बंद, फक्त नक्कल, तीही तो मागेल तेव्हा, आणि बाईंना विचारून खोलीतली त्याची बसायची जागा पंख्याखालून हलवली. दोन आठवड्यांत दुपार अर्ध्या तासावर आली.

पोळ्याच्या पाडव्याचा दिवस

तान्हा पोळा म्हणजे नवा आवाज, नवी दारं, अनोळखी हात. त्याच दिवशी शहरात मारबतीच्या पुतळ्यांची गर्दीची मिरवणूक; तिकडे नेलं नाही. दहा दिवस आधी पाच फोटो लावले: नंदी धुतला, बेगड-झूल, दोरी, तीन दारं, घर. घुंगरं लावली नाहीत, आवाजासाठी. तीनही घरं ओळखीची, आधी सांगून ठेवलेली: नाव विचारू नका, गाल ओढू नका, बोजारा (नंदी घेऊन आलेल्या मुलाला द्यायचे पैसे-खाऊ) हातात नको, ताटलीत ठेवा. तालीम दोनदा. वेळ साडेचार, गर्दीच्या आधी.

दोन घरं दोरी धरून झाली. तिसऱ्या दारात तो पायरीवर बसला, नंदी आडवा पाडला आणि चाक फिरवायला लागला. आईने "पाच फेऱ्या" मोजल्या, तो उठला नाही. तिने पुन्हा पाच मोजल्या. मग दोरी ताईने धरली आणि सगळे घरी गेले. ठरवलेलं पूर्ण झालं नाही आणि रडणंही झालं नाही. पुढच्या वर्षी दोनच घरं ठेवणं शहाणपणाचं.

आता सहा आठवड्यांनी वहीतल्या नोंदी: दुपारचं फिरवणं जवळजवळ तेवढंच, १५ ते २० मिनिटं. संध्याकाळचं १५ मिनिटांच्या आत, बाकी वेळ पाट आणि ताई. थांबवताना रडणं आठवड्यात एखाद्या वेळी. "फिर", "थांब", "दे" रोजच्या वापरात. डोकं आपटणं सर्दी-तापातच दिसलं. मिक्सरला हेडफोन अजून लागतात.

बालवाडीच्या बाईंना अर्ध्या पानाची चिठ्ठी दिली आहे: तो चाक फिरवत असेल तर हिसकू नका, पाच फेऱ्या मोजा, मग पुढची वस्तू हातात द्या, वेग वाढला आणि हात कानावर गेला तर आवाज कुठून येतोय ते बघा, मधल्या सुट्टीत १० मिनिटं एकटं बसायला कोपरा द्या. पुढचा टप्पा तिथलाच आहे, वर्गातल्या एका मुलासोबत उतारावर गाडी सोडणं. त्यासाठी पाट लागेल, तो आईने नेऊन दिला आहे.